देवी गेली, हे कोणी तपासलं? फौजी डॉक्टर फ्रँक फेनर यांची गोष्ट

घरातल्या साठीच्या पुढच्या कुणाचाही हात बघा. दंडावर नाहीतर कोपराखाली एक-दोन गोल, खोलगट डाग दिसतील. ते देवीच्या लसीचे. आजच्या पोरांच्या डाव्या दंडावर एक छोटा डाग असतो, पण तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा. देवीची लस आता सर्वसामान्य लोकांना टोचत नाहीत, कारण देवीच राहिली नाही.

जुन्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. शाळेच्या, चावडीच्या, एसटी स्टँडच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं, की देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. बक्षिसाची रक्कम आधी थोडी होती, शेवटी ती एक हजार रुपयांपर्यंत गेली. १९७५ साली हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम. तरी पुढं पुढं ते बक्षीस घ्यायला खरा रोगी कुणालाच सापडेना.

पण रोगी सापडत नाही म्हणजे रोग संपला असं म्हणता येतं का? कुठंतरी डोंगरात, वाडीवर, दुसऱ्या देशात एखादं लेकरू लपलेलं असलं तर? ‘संपला’ म्हणून लस बंद केली आणि रोग परत आला, तर पुढच्या पिढीकडं वाचायला काहीच नाही. त्यामुळं तपासणी पक्की हवी होती. जगभरची ती तपासणी ज्या आयोगानं केली, त्याचे अध्यक्ष होते फ्रँक फेनर. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धातले फौजी, आणि सगळा जन्म रोगजंतूंच्या मागं काढलेला माणूस.

शिक्षणखात्यातल्या बापाचा पोरगा

फेनर यांचा जन्म २१ डिसेंबर १९१४ चा, ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावचा. वडील चार्ल्स फेनर भूगोलाचे अभ्यासक आणि शिक्षणखात्यात अधिकारी. घर पुढं ॲडलेडला गेलं. तिथंच फ्रँक शिकले आणि १९३८ साली डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. १९४० मध्ये ते फौजेच्या वैद्यकीय दलात कॅप्टन म्हणून भरती झाले. पॅलेस्टाईन, इजिप्त, न्यू गिनी, बोर्निओ असं फिरत फिरत ते १९४६ पर्यंत फौजेत होते. मेजर होऊन बाहेर पडले.

डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक खाट आणि तिच्यावर एक रोगी येतो. फौजेतल्या डॉक्टरसमोर मात्र अख्खी पलटण असते. एकाला बरं करून भागत नाही. उद्या दुसरे शंभर आजारी पडणार नाहीत हे बघावं लागतं. फेनर यांना हे शिकवलं मलेरियानं.

गोळी असून माणसं आडवी

१९४२ साली ऑस्ट्रेलियाची फौज न्यू गिनीच्या जंगलात जपान्यांशी लढत होती. पाऊस, चिखल आणि डास. बंदुकीच्या गोळीनं जखमी झालेल्यांपेक्षा हिवतापानं आडवे झालेले जवान कितीतरी पटीनं जास्त. हिवतापावरचं जुनं औषध क्विनाईन. ते ज्या झाडाच्या सालीपासून निघायचं, त्याच्या जावा बेटावरच्या मोठ्या बागा जपाननं ताब्यात घेतलेल्या. म्हणजे तेही मिळेना.

मग ॲटेब्रिन नावाची दुसरी गोळी वापरायला घेतली. ऑस्ट्रेलियात केर्न्स इथं डॉ. नील हॅमिल्टन फेअरली यांच्या देखरेखीखाली जवानांवर तिच्या चाचण्या झाल्या. नेमानं घेतली तर ताप अंगावर येत नाही, हे सिद्ध झालं. पण ‘नेमानं’ इथंच घोडं अडलं. या गोळीनं कातडी पिवळी पडायची. जवानांत अफवा उठली, की गोळी घेतली तर पुरुषत्व जातं. मग कोण घेणार? तोंडात धरायची आणि मागं वळून थुंकून टाकायची.

फेनर तेव्हा न्यू गिनीत मलेरियाचे तज्ज्ञ अधिकारी म्हणून काम करत होते. नुसत्या गोळ्या वाटून काम झालं असं त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना म्हणता येत नव्हतं. गोळी जवानाच्या पोटात गेली का, मच्छरदाणी लावली का, संध्याकाळी बाह्या खाली केल्या का, हे बघायचं. त्यासाठी जबाबदारी डॉक्टरांपुरती ठेवली नाही, प्रत्येक तुकडीच्या अधिकाऱ्यावर टाकली. जवान तापानं पडले तर जाब अधिकाऱ्याला. शिस्त बसली तसा मलेरिया झपाट्यानं खाली आला. या कामाबद्दल फेनर यांना एम.बी.ई. हा किताब मिळाला. याच काळात, १९४४ साली, त्यांनी बॉबी रॉबर्ट्स या फौजेतल्याच परिचारिकेशी लग्न केलं. त्याही मलेरियाच्याच कामात होत्या.

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येणाऱ्या आशाताई ‘माझ्यासमोरच गिळा’ असं का म्हणतात, याचं उत्तर या जंगलातल्या गोष्टीत आहे.

उंदरांची देवी

युद्ध संपलं. फेनर मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडं कामाला लागले. हे तेच बर्नेट, ज्यांना १९६० साली नोबेल मिळालं. तिथं फेनर यांनी उंदरांना होणाऱ्या देवीसारख्या रोगाचा अभ्यास केला.

तेव्हा डॉक्टरांना एक कोडं होतं. देवीचा विषाणू अंगात शिरल्यावर पहिले दहा-बारा दिवस माणूस ठणठणीत दिसतो. मग एकदम ताप आणि मग फोड. मधल्या दिवसांत विषाणू करतो काय? फेनर यांनी उंदरांत दिवसागणिक तपासून दाखवलं. विषाणू आधी कातडीत, मग जवळच्या गाठीत, तिथून रक्तावाटे यकृतात आणि प्लीहेत जाऊन वाढतो. तिथं भरमसाट झाला की पुन्हा रक्तात उतरतो आणि कातडीवर फोड उठतात. बी पेरल्यावर काही दिवस रान मोकळंच दिसतं, पण मातीखाली काम चालू असतं, तसंच हे. त्या वेळी हा अभ्यास उंदरांचा होता. तीस वर्षांनी माणसाच्या देवीचा निकाल द्यायची वेळ आली तेव्हा तो उपयोगी पडला.

सशांनी खाल्लेला देश

आता शेतकऱ्यांना जवळचा वाटेल असा भाग. ऑस्ट्रेलियात रानससे मुळात नव्हते. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडमधून चोवीसेक ससे आणून सोडले. ससा वर्षातून कितीदा वितो हे सांगायला नको. पुढच्या पन्नास वर्षांत निम्म्याहून जास्त देशात ससेच ससे झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियानं त्यांना अडवायला सुमारे १,८०० किलोमीटरचं तारेचं कुंपण घातलं. ससे तेही ओलांडून गेले. १९५० च्या सुमाराला त्यांचा आकडा साठ कोटींच्या घरात धरला जायचा. गवत मुळासकट खलास, मेंढ्यांना चारा नाही, जमिनी उघड्या पडलेल्या. आपल्याकडं रानडुकरांनी आणि रोह्यांनी मका, भुईमूग उद्ध्वस्त केला की रात्र रात्र जागावं लागतं, त्या दुःखाची कल्पना करा आणि ती अख्ख्या देशाला लावा.

दक्षिण अमेरिकेतल्या सशांत एक विषाणू असतो, मिक्सोमा. तिकडच्या सशाला त्यानं एखादी गाठ येते, पण युरोपातल्या सशाला तो मारूनच टाकतो. १९५० साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो मरे नदीच्या खोऱ्यात सोडला. आधी काहीच घडेना. प्रयोग फसला असं वाटत असतानाच पावसानं नदीकाठी डास वाढले. ते एका सशाला चावून दुसऱ्याकडं विषाणू नेऊ लागले. काही महिन्यांत लाखो ससे मेले.

पण त्याच सुमाराला, १९५१ च्या सुरुवातीला, त्याच खोऱ्यात माणसांत मेंदूज्वराची साथ आली. लेकरं दगावली. लोक खवळले. ‘सरकारनं सशांचा रोग सोडला, तोच आता माणसांना धरतोय,’ असं जो तो म्हणू लागला. शंका वाजवी होती. गाव तेच, डास तेच, दिवस तेच.

आधी स्वतःच्या हातावर

फेनर आणि बर्नेट यांना माहीत होतं, की मेंदूज्वराचा विषाणू वेगळा आहे. पण पत्रक काढून लोकांचं समाधान झालं असतं का? मग तिघांनी एक गोष्ट केली. फेनर, बर्नेट आणि सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख इयन क्लूनिस रॉस यांनी मिक्सोमाचा विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. शेकडो ससे मरतील एवढी मात्रा होती. कुणालाच काही झालं नाही. मंत्र्यांनी ही गोष्ट संसदेत सांगितली आणि भीती ओसरली.

शास्त्रज्ञ हुशार होते म्हणून लोकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला असं झालं नाही. जे तुमच्या रानात सोडलं ते आधी आमच्या अंगात घेतलं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा लोकांनी ऐकलं.

औषध बोथट का झालं?

पहिल्या झटक्यात रोग झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त मेले. मेंढपाळ खूश झाले, लोकरीचं उत्पन्न वाढलं. इथं दुसरा कुणी असता तर हार-तुरे घेऊन घरी गेला असता. फेनर मात्र वर्षानुवर्षं रानातले विषाणू गोळा करून प्रयोगशाळेत तपासत बसले. त्यातून दोन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट विषाणूची. जो विषाणू सशाला लगेच मारतो, त्याला पसरायला वेळच मिळत नाही. मेलेल्या सशाला डास चावत नाही. जो सशाला दोन-तीन आठवडे आजारी ठेवतो, तोच जास्त पसरतो. म्हणून थोड्याच वर्षांत रानात सौम्य विषाणूच जास्त झाले.

दुसरी गोष्ट सशांची. जे मोजके ससे वाचले, त्यांच्या अंगात मुळातच थोडी ताकद होती. त्यांचीच पिल्लं वाढली. एका तळ्याकाठच्या सशांवर दर साथीनंतर एकच ठरावीक विषाणू वापरून चाचणी घेतली. सुरुवातीला शंभरातले नव्वद मरायचे. सात साथींनंतर सुमारे पंचवीसच मरू लागले.

कापूस लावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असं वाटलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरून काढली. जी अळी वाचली तिचीच पिलावळ वाढली. बियाण्याच्या पिशवीसोबत नॉन-बीटीची पुडी याचसाठी द्यायचे, की साध्या अळ्याही शिल्लक राहाव्यात आणि ताकदवान अळ्यांचीच पैदास होऊ नये. अनेकांनी ती लावलीच नाही. मिक्सोमाच्या बाबतीतही तेच झालं. ससे पुन्हा वाढले आणि १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाला दुसरा विषाणू वापरावा लागला. विषाणू आणि त्याचा यजमान एकमेकांना कसे बदलतात, हे डोळ्यांदेखत मोजलेलं उदाहरण म्हणून फेनर यांचं हे काम आजही जगभर शिकवतात.

देवी गेली हे ठरवायचं कसं?

आता देवीकडं येऊ. हा रोग इतका जुना आणि इतका जबर, की आपल्याकडं त्याला देवीचंच नाव पडलं. घराला कडुलिंबाचा पाला बांधायचे, शितळादेवीला नवस बोलायचे. रोग झालेल्या दहांतली तीनेक माणसं जायची. जी वाचायची त्यांच्या तोंडावर वण राहायचे, काहींचे डोळे जायचे. विसाव्या शतकातच जगात अंदाजे तीस कोटी माणसं देवीनं मेली.

लस जुनीच होती. भारतात पहिली लस १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तरी देशातली देवी जायला १९७५ उजाडलं. कारण लस असणं वेगळं आणि शेवटच्या वाडीपर्यंत पोचणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६७ पासून जोर लावला. भारतात १९७३ पासून एक लाखाहून जास्त कर्मचारी घरोघर फिरले. हातात देवी झालेल्या लेकराच्या फोटोचं कार्ड आणि एकच प्रश्न, ‘असं कुणी बघितलंय का?’ रोगी सापडला की त्याच्या घराभोवती, गावाभोवती सगळ्यांना लस टोचायची. आग लागल्यावर गंजीभोवतीचं गवत कापून काढतात तसं. मे १९७५ मध्ये आसामच्या करीमगंजला भारतातला शेवटचा रोगी सापडला. नैसर्गिकरीत्या लागण झालेला जगातला शेवटचा रोगी ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला. तो दवाखान्यातला स्वयंपाकी होता आणि तो वाचला.

यानंतरचं काम फेनर यांच्या आयोगाचं. देवी आहे हे दाखवायला एक रोगी पुरतो. देवी नाही हे दाखवायला अख्खं जग बघावं लागतं. सरकारांनी ‘आमच्याकडं नाही’ असं लिहून दिलं म्हणून आयोगानं मान डोलावली नाही. शेवटच्या रोग्यानंतर निदान दोन वर्षं शोध चालू ठेवायचा, असा नियम होता. आलेली प्रत्येक खबर तपासायची. बहुतेक वेळा कांजिण्या नाहीतर गोवर निघायचा. जगात कुठंही खरा रोगी दाखवणाऱ्याला एक हजार डॉलर जाहीर झाले, ते कुणालाच द्यावे लागले नाहीत.

आणखी एक साधी युक्ती होती. शाळेत जाऊन पोरांचे चेहरे बघायचे. देवीचे वण मरेपर्यंत जात नाहीत. तोंडावर वण असलेलं सगळ्यात लहान पोर किती वर्षांचं, यावरून त्या भागात देवी शेवटची कधी येऊन गेली ते कळायचं. कागद खोटं बोलेल, चेहरा बोलणार नाही. चीनमध्ये परिस्थिती काय आहे हे बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, तर १९७९ साली फेनर स्वतः तिकडं जाऊन आले.

दोन शंका मोठ्या होत्या. एक, हा विषाणू कुठल्या जनावरात लपला असेल का? आफ्रिकेत १९७० पासून माणसांत मंकीपॉक्स सापडत होता, दिसायला अगदी देवीसारखा. इथं फेनर यांचा उंदरांपासूनचा अनुभव कामी आला. तपासाअंती ठरलं, की मंकीपॉक्स वेगळा, तो देवी होत नाही. दुसरी शंका प्रयोगशाळांची. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या विषाणूची लागण होऊन एक महिला छायाचित्रकार दगावली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी साठे नष्ट केले किंवा सोपवून दिले. आज अधिकृत साठा दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला.

९ डिसेंबर १९७९ रोजी आयोगानं दाखल्यावर सह्या केल्या. ८ मे १९८० रोजी जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य सभेत फेनर उभे राहिले आणि जग देवीमुक्त झाल्याचं त्यांनी सांगितलं. लस बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांच्या हातावर तो डाग नाही.

मग मलेरिया का जात नाही?

हा प्रश्न गावात नेहमी निघतो. उत्तर सोपं आहे. देवी फक्त माणसाला व्हायची, जनावरात राहायची नाही. झाली की लपायची नाही, तोंडावर दिसायची. एकदा झाली की सहसा परत व्हायची नाही. लस उन्हात टिकणारी होती आणि बऱ्याच वर्षांसाठी एकदा टोचलेली पुरायची. मलेरियात यातलं काहीच नाही. तो डासात राहतो, माणसाच्या अंगात लपतो, पुन्हा पुन्हा होतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून ‘देवी घालवली तसा अमुक रोग पाच वर्षांत घालवू’ असं कुणी म्हटलं, तर आधी हे चार मुद्दे विचारावेत.

फेनर यांनी पुढं सोबत्यांबरोबर देवीच्या निर्मूलनाचा १९८८ साली निघालेला प्रचंड ग्रंथ लिहिला. काय जमलं याच्याबरोबर काय चुकलं तेही त्यात नोंदलं. जपान पुरस्कार, कोप्ले पदक असे मोठे मान मिळाले. उतारवयात ते पर्यावरणाच्या कामात होते. कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठातली पर्यावरणाची शाळा आज त्यांच्या नावानं आहे. २२ नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले.

पावसाळा आला की आशाताई किंवा आरोग्यसेवक दारात येतात. ‘घरात कुणाला ताप? रांजण, टाकी, कूलर उघडा करून दाखवा,’ म्हणतात. आपण घाईत असतो, ‘काही नाही, जा’ म्हणून मोकळं होतो. वहीवर ‘निरंक’ लिहिलं जातं. पण ते ‘निरंक’ खरं असेल तरच उपयोगाचं. देवी गेली ती घरोघर जाऊन बघणाऱ्यांमुळं, आणि विचारल्यावर खरं सांगणाऱ्यांमुळं. पुढच्या वेळी दार वाजलं तर दोन मिनिटं काढा आणि रांजणाचं झाकण उचलून दाखवा.